कोकरू आत आलं का?

भवानीनगर
सोमवार, ५ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून वळखलं असशील. फाडू नगंस. फोन केला तर तू उचलत न्हाईस, अन् उचललास तर खाकरून "राँग नंबर" म्हणतोस. नरसिंहपुरात असं खाकरणारा दुसरा कोण हाय रे? म्हणून लिहायलाच बसले. मी दुसरीपतोर शिकलेली, तू चौथी पास. चुका काढत वाच, पर वाच.

आपलं भांडण असू दे. चार वर्सं झाली. बारशात तुला मानपान कमी पडला, तू रुसलास, झालं. मला आत्ता तुज्याकडं निराळंच काम हाय, अन् ते दुसऱ्या कुणाच्यानं हुणार न्हाय.

रणजितची लेक, श्रेया. तीच, बारशातली. आता चार वर्सांची झाली. दादा, काय सांगू तुला! बोलायला लागली की गावच्या सरपंचानं गप बसावं. परवा माझ्या तोंडाकडं बघत बसली अन् इचारती, "आज्जी, तुझे दात कुठं राहायला गेले?" जनावरांचं तर असलं येड, की सकाळी उठून पयली शेजारच्या म्हशीकडं जाती अन् झोप झाली का म्हणून इचारती. म्हस बी मान हलवती, खोटं वाटंल तुला.

तर तिच्या डोळ्यातनं सारखं पाणी यायला लागलं. सुप्रियानं, आमच्या सुनंनं, बारामतीला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणला, मोबाईल बघणं बंद. सुप्रिया बारामतीला बँकेत, सकाळी जाती ती दिवस मावळताना येती. रणजित कारखान्यात, सध्या गाळप जोरात, त्याचं तोंड बी दिसत न्हाय. म्हणजे रडणारी पोरगी कुणाच्या पदरात? माझ्या. तीन दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं. मग सुप्रियानं एक डबा आणला, वाटीएवढा. त्यातनं गोष्टी ऐकू येत्यात. बघायचं काय न्हाय, नुसतं ऐकायचं. अन् बारकी गोष्ट न्हाय, लांबलचक, भाग पाडलेली. दहा भाग, बारा भाग. सांजच्याला जेवायच्या आधी रोज एक. सुप्रिया म्हणती, "आई, यानं मुलांना एका जागी बसायची सवय लागते." पोरगी जनावरांच्या गोष्टीबिगर ऐकत न्हाय, म्हणून जनावरांच्याच निवडायच्या, अन् निवडायचं काम माझं. मोबाईलवर चित्रं येत्यात, मी चित्राला बोट लावते, की डब्यातनं बाई बोलाय लागती.

ती बाई! तोंडात बत्तासा धरून बोलल्यागत बोलती. "माझ्या छोट्या दोस्तांनोऽ" म्हणती. श्रेया मला इचारती, "आज्जी, मी हिला कधी भेटले?"

पयल्या दिवशी चित्रात मेंढरं दिसली, मी हरखून बोट लावलं. तर काय, लांडग्यानं मेंढरांची शाळा काढलीया! लांडगा मास्तर, मेंढरं पाट्या घेऊन बसल्याती, अन् मधल्या सुट्टीत मास्तर पाला खातोय. मी डब्यावर पातेलं पालथं घातलं. हे लिवणाऱ्याला एक दिवस कळपामागं धाडायला पायजे. दुसरी लावली ती पेंग्विनची. बरफावरचा पक्षी असतो, काळा कोट घातल्यागत. त्यात बाप्या अंड्यावर बसतो अन् बाई कामावर जाती. सुप्रियाला ती लई आवडली. रणजितला मुद्दाम बसवून ऐकवली. तिसरी हत्तीची. तो हत्ती पाच भाग झाले नुसता आंघोळ करतोय.

अन् जेवढी म्हणून मेंढरं ऐकली तेवढी पांढरीफेक. आपल्यासारखं काळं एक न्हाय. श्रेया म्हणती, मेंढरू पांढरंच असतं. दीडशे मेंढरं राखलेल्या आपल्या बापाची पणती, दादा! आप्पांनी ऐकलं असतं तर काठी घेतली असती.

म्हणून तुझं काम. टिकलीची गोष्ट तू सांगायचास ना, मेंढरं कोंडायच्या वाघराशेजारी बसून? ती गोष्ट प्रगतीच्या मोबाईलमधी बोल अन् तिला धाडाय सांग. तुझी सून हुशार हाय, तिला जमतंय. तेवढं केलंस की पुन्हा तुज्या वाटंला जाणार न्हाय.

म्हाळसा


भवानीनगर
शुक्रवार, १६ जानेवारी

दादा,

पाकिटात तिळगूळ घातलाय. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला असंल तर चाटून खा.

गोष्ट काय तू धाडली न्हाईस. प्रगतीचा फोन आलता. म्हणली, "आत्याबाई, मामंजींनी पत्र दोनदा वाचलं अन् घडी घालून टोपीत ठेवलं." मी म्हणलं, काय बोलला का? तर म्हणली, "म्हणाले, हिच्या वेलांट्या अजून उलट्या पडत्यात." बरं. चौथी पास माणसा, बरं.

तिकडं तू टोपी घालून बस, हितं माझ्या घरात सून अन् सासू एकमेकींची तोंडं बघंनाशी झाल्याती. अन् कुणाला सांगू नगंस, पर चूक माझी हाय.

झालं असं. शोधता शोधता मला एका चित्रात काळं कोकरू दिसलं. काळं, दादा! मी म्हणलं, देवानं ऐकलं. बारा भागांची गोष्ट, एक कोकरू डोंगराकडं चरायला जातंय. लावायच्या आधी मी श्रेयाला जवळ घेतलं अन् आपलं समदं सांगितलं. दिवस मावळायला जाळीचं वाघर कसं ताणायचं, आप्पा त्याच्या तोंडाशी काठी घेऊन कसे उभे राहायचे. आकडा मोजायचे न्हाईत, तोंड बघून एकेकीचं नाव घ्यायचे अन् पाठीला काठी टेकवायचे. भोरी आली, चांदी आली, टिकली आली. समदी आत आल्याबिगर आईनं तवा चुलीवर ठेवायचा न्हाय. एक जरी बाहेर असलं तरी घरधनी उपाशी अन् कुत्रं बी उपाशी. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं, गोष्ट म्हणून ऐकतीया. तिनं कायदा म्हणून ऐकलं!

तिसऱ्या भागाच्या शेवटी कोकरू वढ्याच्या पल्याड अडकलं. दिवस मावळाय लागला. बत्तासाबाई म्हणली, "काय होईल बरं आता? ऐका पुढच्या भागातऽ" अन् वर वाजंत्री वाजवली. मी दूधभाताचं ताट पुढं केलं. पोरीनं व्हट घट्ट मिटले.

"कोकरू आत आलं का?"

"उद्या येतंय, बाळा."

"मग मी उद्या जेवीन."

अर्धा तास मनधरणी केली. काऊचा घास, चिऊचा घास. न्हाय म्हणजे न्हाय. शेवटी म्हणलं, चल, एक भाग जास्त लावू, येईल ते घरी. चौथ्या भागात त्याला घुबड भेटलं. पाचव्यात ससा. सहाव्यात ते गाणं शिकाय लागलं. "अरं गाणं काय शिकतंस, घरला जा की मुडद्या!" मीच डब्यावर वरडले. एवढ्यात दारात सुप्रिया.

"आई! एक भाग म्हणजे एकच भाग, ठरलंय ना आपलं?"

"कोकरू बाहेर हाय," मी म्हणलं.

"कसलं कोकरू? ताट गार झालंय हे!"

तिनं डबा बंद केला. पोरीनं असा हंबरडा फोडला की शेजारची म्हस वरडली. मग सुप्रिया स्वतः ताट घेऊन बसली. बँकेचं कार्ड गळ्यात तसंच. धाक घालून झाला, लाडीगोडी झाली, मग म्हणती, "बरं, एकच हां." सातवा झाला. आठवा झाला. नवव्याला ती भिताडाला टेकून बसलेली, अन् आपणहून म्हणली, "हे अजून घरी कसं जात नाही हो?" अकराव्या भागात आलं एकदाचं. बाराव्यात ते कोकरू काय काय शिकलं ते सांगत होतं, पर ऐकायला कोण हाय? आमी तिघीजणी एका ताटात जेवत होतो.

आता तू सांग, कोण शहाणा माणूस कोकरू आठ भाग बाहेर ठेवतो?

दुसऱ्या दिवशी सुप्रियानं डब्याला कायतरी केलंय. एक भाग झाला की आपोआप बंद. अन् मला म्हणती, "तुम्हीच शिकवलंत ना तिला? आता तुम्हीच अशी गोष्ट शोधा, की रोज शेवटी सगळे घरी असतील."

ह्या वयात हे काम! अन् तू तिकडं माझ्या वेलांट्या बघत बस.

म्हाळसा


भवानीनगर
मंगळवार, २७ जानेवारी

दादा,

दुपारी श्रेया निजली की मी डबा कानाला लावून बसते. गोष्ट ऐकत न्हाय, भागांचे नुसते शेवट ऐकते. चौदा गोष्टींचे शेवट ऐकले. खार ढोलीबाहेर. कासव सडकंच्या मधोमध. उंटाचं पिल्लू वाळूच्या वादळात. माकडाचं पोर पुराच्या पाण्यात लाकडावर बसलेलं. उद्या लेकरानं परत यावं म्हणून ही माणसं रोज एक जनावर बाहेर ठेवून झोपाय जात्यात. राखण केलेला माणूस असं करंल का? एक सापडली बाबा, कोंबडीची. सांजच्याला समदी पिल्लं पंखाखाली. मी म्हणलं सुटले. तर ती कोंबडी दाणे टिपती अन् घरला जाती. दाणे टिपती अन् घरला जाती. तिसऱ्या दिवशी श्रेया म्हणली, "आज्जी, ही बंद कर. हिच्यात कोण हरवतच न्हाय."

मी कपाळाला हात लावला. बाहेर ठेवलं तर जेवत न्हाय, आत ठेवलं तर ऐकत न्हाय.

आता खरं लिवते. आधी पाणी पिऊन येते.

पोरीनं नवीन खूळ काढलंय. सांज झाली की लाटणं घेऊन सैपाकघराच्या दारात उभी राहाती अन् घरची माणसं मोजती. पाठीला लाटणं टेकवून म्हणती, आई आली. आज्जी आली. मांजरी आली. बाबा कारखान्यात, पर फोन आला, म्हणजे आला. मग म्हणती, "आता तवा ठेव." हसून हसून माझं पोट दुखायचं.

परवा थंडी वाढली म्हणून मी पेटी उघडली. तळाला तुझी घोंगडी. काळीभोर, कडंला पांढरी रेघ. श्रेयानं वढून काढली.

"हे कुणाचं?"

"तुझं. तू पाळण्यात होतीस तवा आणलेलं."

"कुणी?"

"माझ्या दादानं."

"तुला दादा हाय?" अन् लाटणं घेऊन उभी राहिली. "मग तो आत आला का?"

दादा, मी घोंगडीची घडी घालाय लागले. सुप्रिया तवा पुसत होती, ती बी बघाय लागली. म्हणली, "तेच ना, मानपानावरून रुसलेले मामा?" पोरगी काय सोडंना. "आज्जी, आला का? का बाहेरच हाय?"

मी म्हणलं, बाहेर हाय. मीच ठेवलाय.

मग सुप्रियाला समदं सांगितलं. तुला सांगायची गरज न्हाय, तू तितं होतास. पर मी चार वर्सं गावभर मानपान मानपान करत फिरले, तुला पयल्या पत्रात बी तेच लिवलं, जसं काय तुला ठावंच न्हाय. म्हणून एकदा माझ्या हातानं लिवते. बारशाला तुला मी दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं, कारण पयल्या दिवशी सुप्रियाच्या माहेरची बारामतीची माणसं येणार होती. तुला कुणाकडनं तरी तारीख कळली, तू त्याच दिवशी आलास, खांद्यावर घोंगडी घेऊन. मी तुला मागच्या दारानं आत घेतलं अन् गोठ्याकडंला पाट मांडला. सुप्रियाच्या आत्यांनी इचारलं, मागं जेवतायत ते कोण? मी म्हणलं, मेंढरंवालं हाय, आमच्या रानात मेंढरं बसवायला आलंय. तू दोन हातांवर होतास. हातातला घास तू ताटात ठेवलास. घोंगडी वट्यावर ठेवून गेलास. मी हाक मारली न्हाय. पाव्हणी बघत होती.

सुप्रियानं हातातला तवा खाली ठेवला. मग म्हणली, "माझ्या माणसांची लाज तुम्ही परस्पर ठरवलीत. मला विचारायचं तरी होतंत, आई." एवढंच. सुनंचं बोलणं पयल्यांदाच मुकाट ऐकलं.

रविवारी ८ तारखेला ये. इंदापूरला गाडी बदल, बारामतीची एसटी हितं थांबती. पुढच्या दारानं ये. त्या आत्यांना बी बोलवलंय, मुद्दाम. जे त्यांच्याम्होरं बोलले ते त्यांच्याम्होरंच मोडायचंय.

न्हाय आलास तर तुझं बी बरोबर हाय. पोरगी आईच्या धाकानं जेवती. मी ताटावर बसते, पर ती माझ्याकडं बघत बसती, अन् मला घास उतरत न्हाय.

म्हाळसा


भवानीनगर
सोमवार, ९ फेब्रुवारी

दादा,

तुला काय म्हणावं! ह्या वयात असला चाबरटपणा!

आलास, लई केलंस. तुझी टोपी एसटीतनं उतरताना बघितली तवा मला दार कुठल्या अंगाला उघडतं ते बी कळंना. तू उंबऱ्याबाहेर थांबलास. मला वाटलं, आता परत फिरतोय. तर लाटणं घेऊन पोरगी म्होरं झाली, तुज्या गुडघ्याला टेकवलं, म्हणली, "दादा आला," अन् मागं वळून मला हुकूम, "आता तवा ठेव." मला रडाय बी दिलं न्हाय.

अन् त्या आत्या! मी चार वर्सं जीव जाळला, पंधरा दिवस मनात घोकलं, समद्यांम्होरं हात जोडून म्हणलं, की हा माझा सख्खा थोरला भाऊ आबाजी, मागल्या खेपेला मी खोटं बोलले. तर त्या बाईनं काय म्हणावं? "अगं बया! मग मेंढरं हायेत का न्हाईत? चार वर्सं झाली, मी म्हणतीया त्या मेंढरंवाल्याला आमच्या रानात बसवायला सांगावं. खत काय पडतंय त्यांचं!" तू मिशीत हसलास ते मी बघितलं. मला मात्र पाटा घेऊन कपाळात घालून घ्यावासा वाटला. असल्या बाईपायी मी तुला गोठ्याकडंला बसवला!

जेवलास. दोन भाकरी जास्त खाल्ल्यास. पोरीला घोंगडीत घेऊन टिकलीची गोष्ट सांगाय लागलास. बत्तासाबाईचा डबा फळीवर नुसता बघत बसलेला. टिकली काळी, कपाळावर पांढरा ठिपका, नीरंच्या पल्याड राहिली, पाणी चढाय लागलं, आप्पा काठी घेऊन उभे, समद्यांची नावं झाली, एक नाव राहिलं, अन्...

अन् तू उठलास! "माझी गाडी हाय. उरलेलं पुढच्या रविवारी." आरं! मी म्हणलं, दादा, असं करू नगंस, ही पोरगी जेवत न्हाय. तू म्हणलास, "म्हाळू, माझ्या टोपीत तुझी तीन पत्रं हायेत, मला समदं ठावं हाय." अन् हसत एसटीत बसलास. चार वर्सांनी म्हाळू म्हणलास ते बी एसटीच्या पायरीवरनं!

लांडग्याला मास्तर करणारा परवडला, दादा. त्याला राखण ठावं नव्हती. तुला ठावं हाय अन् तरी तू टिकलीला पल्याड ठेवून गेलास.

काल सांजच्याला जे हुयाचं तेच झालं. ताट पुढं केलं, व्हट मिटले. "टिकली आत आली का?" सुप्रिया माझ्याकडं वळली. "आई, तुम्ही होतात ना तिथं? सांगून टाका शेवट, जेवू दे तिला."

होते की. ह्या काठावर तुझा सदरा हातात धरून उभी होते. टिकली आली ते मला ठावं हाय, कुणाच्या खांद्यावर बसून आली ते बी ठावं हाय. दोन शब्दांचं काम होतं.

मी म्हणलं, "मी लई ल्हान होते गं, मला काय आठवत न्हाय."

पुन्हा खोटं बोलले. पर ह्या खोट्याची मला लाज न्हाय.

मग श्रेयाशी तडजोड केली. तिनं रोज जेवायचं, पर दर सांजंला एक भाकरी टिकलीच्या नावानं बाजूला काढायची. ती सकाळी म्हशीला जाती. म्हस खुश हाय. बाकी कुणी न्हाय.

रविवारची पयली गाडी धर. दुसरी न्हाय, पयली. पोरगी सकाळपासनं लाटणं घेऊन उभी राहणार, अन् तू आल्याबिगर मी तवा चढवणार न्हाय.

तुझी
म्हाळू